स्थपतीचे काम
(विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या ह्या समारंभात दरवर्षी एखाद्या विद्वान पाहुण्याचे भाषण व्हावे असा आपला प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी ते काम आमच्यावर सोपविले. आम्ही जुनी मॅट्रिक. आयुष्य प्राथमिक शाळेत अंकगणित आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेले. तेव्हा आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. मोठ्या कंपनीत ‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’ ह्या नावाचा जो अधिकारी असतो, त्याचे काम काय आणि कंपनीचे धोरण ठरविण्यात त्याचा वाटा कोणता, ह्याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो एका प्रसंगाने आमच्या गळ्यात पडला.

गेल्या वर्षीच्या वधूवर मेळाव्यात एका मुलाच्या परिचयपत्रात त्याच्या थोरल्या बहिणीचा व्यवसाय ‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’ असा लिहिलेला होता. मुलीकडील एक गृहस्थ, जे स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतात, त्यांनी मोठ्या आनंदाने विचारले, “मग आमच्या गावच्या दुमजली घराचा नकाशा ताई काढून देतील ना?” ती म्हणाली, “काका, मी इमारतींचे काम करीत नाही.” झाले! गृहस्थांचा चेहरा उतरला. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने नोंदणीकृत वास्तुविशारदांपुरती राखलेली आहे, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होते. त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन म्हटले, “गुरुजी, घराण्यात खोट्या उपाध्या लावण्याची रीत दिसते.” त्यांची शंका अगदीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. परंतु ती मुलगी पाचवी ते सातवी आमच्या वर्गात होती, आणि खोटे बोलणे तिला तेव्हाही जमत नसे. अडचण अशी की ती नेमके काय करते हे आम्हांसही सांगता आले नाही. त्या दिवशी आम्हांस फार ओशाळे वाटले. पुढील चार रविवार आम्ही तिच्या घरी जाऊन बसलो, आणि आमच्या विद्यार्थिनीने आम्हांस धडे दिले. आज जे सांगतो त्यातील खरे ते तिचे आणि चुकले तर ते आमचे.

प्रथम त्या शब्दाविषयी. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्यातील ‘टेक्टोन’ म्हणजे सुतार, लाकडात बांधणारा. आणि ‘आर्खि’ म्हणजे मुख्य. आर्किटेक्ट म्हणजे मूळ अर्थाने थोरला सुतार! आपल्या संस्कृतातील ‘तक्षन्’ हा त्या ‘टेक्टोन’चाच भाऊबंद असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपले नाव तर सूत्रधारावरून आले, हातात सूत धरणारा तो सुतार. ‘मयमत’ आणि ‘मानसार’ ह्या आपल्या प्राचीन शिल्पग्रंथांत बांधकामाचे चार कारागीर सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. तक्षक लाकूड तासतो, वर्धकी तासलेले भाग जुळवितो, सूत्रग्राही सूत धरून मापे बांधून देतो, आणि स्थपती ह्या सर्वांच्या कामाची आधी मनात जुळणी करून मग ती प्रत्यक्षात उतरवून घेतो. स्थपतीला सर्व शास्त्रांची जाण असावी, अशी त्या ग्रंथांची अपेक्षा आहे. मुलीकडील त्या गृहस्थांनी एवढे ऐकून घेतले असते तर शंकेचे निरसन तेथेच झाले असते. आमची विद्यार्थिनी कंपनीची स्थपती आहे.

आता कंपनीस स्थपती कशाला हवा? तिची कंपनी विम्याच्या व्यवसायात आहे. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. अशा कंपनीत पॉलिसी विकणारे खाते वेगळे, हप्ते वसूल करणारे वेगळे, दावे निकालात काढणारे वेगळे, एजंटांचे कमिशन मोजणारे आणखी वेगळे. प्रत्येकाने आपापल्या सोयीने, आपापल्या काळात, आपापल्या पसंतीचे सॉफ्टवेअर घेतले. मग एका खात्याची माहिती दुसऱ्यास लागू लागली, तेव्हा दोहोंच्या मध्ये एक सांधा बसविला; तिसऱ्यासाठी दुसरा सांधा. पंचवीस वर्षांत असे इतके सांधे झाले की कोणता कोठून कोठे जातो हे एकाही माणसास सांगता येईना. आपल्याकडे जुन्या वाड्यांची हीच गत होते. आजोबांनी चार खण बांधले, वडिलांनी मागे पडवी काढली, चुलत्यांनी मध्येच भिंत घातली, आणि मग नातवाने एक खांब काढावयास घेतला की तुळई कोणत्या खोलीत खाली येईल ह्याचा भरवसा नाही.

तिने कामास लागल्यावर पहिले जवळजवळ वर्ष नुसती यादी करण्यात घालविले. कंपनीत कोणकोणती सॉफ्टवेअरे आहेत, ती कोणी घेतली, कशासाठी वापरतात, कोणास माहिती देतात, ती बंद पडली तर कोणाचे काम अडते. यादी वरिष्ठांच्या समजुतीपेक्षा कितीतरी लांब निघाली. एक प्रोग्राम असा सापडला की तो लिहिणारा गृहस्थ कधीच निवृत्त झालेला, कागद एकही नाही, आणि रोज रात्री तो चालल्यावाचून सकाळी एकाही शाखेचे काम सुरू होत नसे. तिने त्या गृहस्थांचा पत्ता शोधून काढला व घरी जाऊन वहीत सर्व उतरवून घेतले. आम्ही तिला विचारले, “अगं, एवढे शिकून तू कारकुनी केलीस की काय?” ती म्हणाली, “गुरुजी, घराला ओळंबा लावल्याशिवाय ते कोठे कलले आहे हे कसे कळणार?”

ह्या यादीला आम्ही हसलो होतो, ते हसू पुढे विरले. २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेस ऑनलाइन व मोबाइल मार्गाने नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. त्या आदेशात ज्या उणिवा नमूद होत्या त्यांत अगदी आरंभी होती ती संगणकीय सामग्रीच्या नोंदी ठेवण्याविषयीची. म्हणजे आपल्याकडे काय काय आहे ह्याचा नीट हिशेब नसणे. पुढे बँकेने सुधारणा केल्यावर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी ती बंधने उठविण्यात आली. नऊ महिन्यांहून अधिक काळ एवढ्या मोठ्या बँकेच्या वाढीचे हे रस्ते बंद होते. विद्यार्थिमित्रांनो, यादी करणे हे हलके काम नव्हे.

संगणकाच्या कामास घरबांधणीची ही दृष्टी लावणाऱ्यांत जॉन झॅकमन ह्या अमेरिकन गृहस्थांचे नाव मोठे आहे. ते आयबीएम कंपनीत होते. १९८७ साली त्या कंपनीच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला आणि दाखवून दिले की एकाच घराची चित्रे अनेक असतात. मालकास दाखवावयाचे चित्र निराळे, स्थपतीचा आराखडा निराळा, बांधणाऱ्याच्या हातातील नकाशा निराळा. तिन्ही खरी, पण कोणतेही एक पुरेसे नाही. कंपनीच्या संगणकव्यवस्थेचेही असेच आहे. काय, कसे आणि कोठे हे प्रश्न त्यांनी मांडले. कोण, केव्हा आणि का हे प्रश्न १९९२ साली जोडले गेले. मालक, स्थपती, कारागीर ह्या प्रत्येकाच्या पायरीवर ह्या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावयाची, असा त्यांचा तक्ता आहे. पुढे १९९५ साली ह्या कामाची ‘टोगाफ’ नावाची पद्धती निघाली आणि १९९६ साली अमेरिकेच्या सरकारी खात्यांवर असा आराखडा राखण्याचे बंधन कायद्यानेच आले. त्या पद्धतींचे बारकावे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि आपल्यास त्यांची गरजही नाही.

धोरणाचा प्रश्न मात्र समजून घेतला पाहिजे, कारण तेथेच हा अधिकारी नुसता संगणकवाला राहत नाही. एक उदाहरण आपल्या घरातील घेऊ. समजा तीन भाऊ आहेत. एकाची लाकडाची वखार, दुसऱ्याचे फर्निचरचे दुकान, तिसरा शहरात घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे घेतो. वडील म्हणतात, आता सर्वांसाठी कॉम्प्युटर घ्यावयाचा. स्थपती अशा वेळी कॉम्प्युटरविषयी बोलतच नाही. तो वडिलांस दोन प्रश्न विचारतो. तिघांनी काम एकाच पद्धतीने करावयाचे आहे काय? आणि एकाकडील ग्राहक, माल व हिशेब दुसऱ्यास दिसावयास हवा आहे काय? दोहोंस नाही म्हणाल तर तीन भाऊ, तीन वह्या. त्यात कमीपणा काही नाही. माल व ग्राहक दिसावेत पण कामाची पद्धत ज्याची त्याची, असे म्हणाल तर त्यास वेगळी रचना. उद्या फर्निचरचेच दुकान पाच गावांत हुबेहूब काढावयाचे असेल तर पद्धत एक हवी, पण सांगलीच्या ग्राहकाची नोंद साताऱ्यास दिसलीच पाहिजे असे नाही. त्याची रचना आणखी निराळी. आणि दोन्ही हवे असेल तर सर्वांत महाग आणि सर्वांत कठीण. जीन रॉस, पीटर वेल आणि डेव्हिड रॉबर्टसन ह्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ह्याच दोन प्रश्नांच्या चौकटीत मोठमोठ्या कंपन्या बसवून दाखविल्या आहेत. भावांचे उदाहरण मात्र आमचे.

आता गंमत अशी की हे प्रश्न बहुतेक वडील टाळतात. कारण उत्तर दिले की कोणा एका भावास आपली वही सोडावी लागते. कॉम्प्युटर घेणे सोपे असते. वही सोडावयास लावणे कठीण. म्हणून आधी यंत्र येते, भांडण मागाहून होते. स्थपतीचे कौशल्य हे की भांडण आधी, कागदावर आणि चहाच्या टेबलाशी घडवून आणावे.

असे न झाल्यास काय होते? ब्रिटनमध्ये टीएसबी नावाची बँक आहे. ती पूर्वी लॉइड्स ह्या मोठ्या समूहात होती. तेथून वेगळी निघाल्यावर २०१५ साली स्पेनच्या साबादेल बँकेने ती विकत घेतली. परंतु संगणक लॉइड्सचेच चालू होते. म्हणजे खातेवाटप झाले, पण बिऱ्हाड जुन्याच घरी आणि भाडे चालू. साहजिकच नव्या मालकांस आपल्या घरी जाण्याची घाई झाली. साबादेलच्या स्पेनमधील व्यवस्थेवरून ब्रिटनसाठी नवी व्यवस्था उभारण्यात आली आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये, २० ते २२ तारखेच्या शनिवार-रविवारी, बँकेचे जवळजवळ सारे बिऱ्हाड एकदम हलविले. बँकेचे ग्राहक सुमारे ५२ लक्ष.

माहिती व्यवस्थित पोहोचली. हे लक्षात घ्या. पुढे नियामकांनीही तेच म्हटले. सामानाची मोडतोड झाली नाही, पण नव्या घराची दारे उघडेनात. लक्षावधी लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना. काहींना तर दुसऱ्याच्याच खात्याची माहिती दिसली. शाखांतून रांगा लागल्या. सर्व कारभार पूर्ववत होण्यास त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांना सप्टेंबरमध्येच पद सोडावे लागले. ग्राहकांना ३ कोटी २७ लक्ष पौंडांची भरपाई द्यावी लागली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी वर ४ कोटी ८६ लक्ष ५० हजार पौंडांचा दंड केला.

ह्या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी झाली व तिचा अहवाल २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दोन गोष्टी आमच्या मनात घर करून राहिल्या. पहिली ही की नियोजन उलट्या बाजूने झाले होते. कामे किती, त्यांस दिवस किती, असा हिशेब करून तारीख काढावयाची, त्याऐवजी आधी मुहूर्त धरला आणि मग कामे त्यात कोंबली. दुसरी ही की नवी व्यवस्था दोन डेटा सेंटरांतून एकाच वेळी चालणार होती, परंतु भार सोसण्याची चाचणी त्यांपैकी एकातच घेतली गेली. दोन खांबांवर तुळई ठेवावयाची आणि एकच खांब हलवून पाहावयाचा! आपल्या ज्ञातीतील कोणताही जुना मिस्त्री हे ऐकून कानावर हात ठेवील. तेथे संगणक जाणणारी माणसे काय थोडी होती? पण प्रत्येकाच्या हातात आपापल्या खोलीचा नकाशा. सगळे घर डोळ्यांपुढे ठेवून ‘ह्या महिन्यात गृहप्रवेश नको’ असे संचालकांस सांगणारा आणि त्यांनी ज्याचे ऐकलेच पाहिजे असा माणूस हवा होता. आमच्या मते स्थपतीच्या धोरणविषयक कामाचे मर्म येथे आहे. निदान आम्हांस ते असे समजले.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ३० ऑगस्ट २०१९ रोजी अर्थमंत्र्यांनी दहा सरकारी बँकांच्या चार बँका करण्याचे जाहीर केले. कोणती बँक कोणात मिळवावयाची हे ठरविताना इतर विचारांबरोबर एक विचार असा होता की दोहोंची संगणकव्यवस्था एकाच घडणीची आहे काय. पंजाब नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड ह्या तिन्ही ‘फिनॅकल’वर चालत होत्या, युनियन, आंध्र आणि कॉर्पोरेशन ह्याही तशाच. कॅनरा व सिंडिकेट ‘आय-फ्लेक्स’वर, इंडियन व अलाहाबाद ‘बँक्स’ नावाच्या टीसीएसच्या व्यवस्थेवर. जाता जाता सांगावेसे वाटते की फिनॅकल करणाऱ्या इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात झाली, टीसीएस मुंबईची, आणि आय-फ्लेक्सही मुंबईचीच. असो. पूर्वीच्या काळी सोयरीक जुळविताना गोत्र पाहत; येथे सॉफ्टवेअर पाहिले. मूळ आराखडा काय होता ह्यावर उद्या कोणाशी नाते जुळू शकेल हे ठरले. आराखड्यास धोरणात स्थान असते ह्याचा याहून उघड पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

तथापि गोत्र जुळले म्हणजे संसार सुखाचा होतोच असे नाही. १ एप्रिल २०२० रोजी बँका कागदोपत्री एक झाल्या, परंतु संगणक एक होण्यास त्यानंतरही कित्येक महिने लागले. सॉफ्टवेअर एकच असले तरी प्रत्येकाने ते आपल्या अंगाच्या मापाने बेतून घेतलेले. खातेदारांचे आयएफएससी क्रमांक बदलले, चेकबुके बदलली. आमची स्वतःची दोन खाती होती, एक निवृत्तिवेतनाचे आणि एक ठेवीचे. ती दोन्ही एका विलीनीकरणात (कोणत्या ते सांगत नाही) एकाच छपराखाली आली. एकात आमचे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण, दुसऱ्यात नुसती आद्याक्षरे. ही दोन्ही एकाच मास्तराची खाती आहेत हे संगणकास काही केल्या पटेना. तीन वेळा आधार कार्डाच्या प्रती दिल्या. आम्ही चिडून ही हकीकत विद्यार्थिनीस सांगितली तेव्हा ती हसून म्हणाली, “गुरुजी, तुम्हांला माझे निम्मे काम समजले. माणूस एक आणि नोंदी दोन. कोणती नोंद खरी मानायची, हे कोणीतरी आधी ठरवायला हवे असते.”

ह्या पदाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही ह्या तरुणांची फसवणूक करू. स्थपतीच्या हाताखाली फारशी माणसे नसतात. पैसा खात्यांच्या हाती, माणसे खात्यांच्या हाती. ह्याच्या हाती चित्र. त्याला हुकूम सोडता येत नाही, पटवावे लागते. आमच्या विद्यार्थिनीने एकदा विक्री खात्यास एक नवे सॉफ्टवेअर घेऊ नका म्हणून सांगितले, कारण त्यामुळे ग्राहकाची आणखी एक निराळी नोंद तयार होणार होती. तिचे ऐकले नाही. वर्षभराने तीच माणसे तिच्याकडे दोन याद्या जुळवून मागण्यास आली. “तू काय म्हणालीस?” आम्ही विचारले. “काही नाही. याद्या जुळवून दिल्या,” ती म्हणाली, “मी सांगितले होते, असे म्हटले असते तर पुढच्या वेळी त्यांनी मला विचारलेच नसते.” आम्ही पस्तीस वर्षे मास्तरकी केली, पण एवढा संयम आम्हांस साधला नाही.

आणि दोष ह्या मंडळींतही असतात. ते तिनेच सांगितले. काही जण सुंदर चित्रे काढतात, भिंतीस लावतात, आणि ती कोणी पाहत नाही. काही जण प्रत्येक गोष्टीस आराखड्याचे नाव पुढे करून नाही म्हणतात. मग लोक त्यांना वळसा घालून जातात. कामाच्या जागी न उतरणारा स्थपती कोणासच नको असतो. रंधा हाती न धरलेल्या माणसाने सुतारास गुण्या दाखवू नये, हे आपले वडील सांगतच असत.

म्हणून पालकांस एक विनंती. ‘कोर्स करून माझा मुलगा आर्किटेक्ट होईल का?’ असे आजकाल विचारले जाते. परीक्षा आहेत, प्रमाणपत्रेही मिळतात. पण बहुधा दहा-पंधरा वर्षे प्रत्यक्ष कामात काढल्यावर हे पद येते, आणि तेव्हा लागतात त्या गोष्टी शाळेतल्याच असतात: नीट ऐकणे, ऐकलेले मोजक्या शब्दांत लिहिणे, हिशेब समजणे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे. आमच्या विद्यार्थिनीची यादी आम्ही पाहिली. इंग्रजीत आहे, पण तीत एकही वाक्य दोनदा वाचावे लागत नाही. सातवीत तिच्या निबंधावर आम्ही लाल शाई बरीच सांडली होती. तिचा काही उपयोग झाला असे समजून आम्ही मनाशी सुखावलो.

आता थोडे घरचे बोलणे. शेवटच्या रविवारी तिने आम्हांस सहज विचारले, “गुरुजी, आपल्या मंडळात किती वह्या आहेत?” आम्ही मोजल्या. कुटुंबसूची एक, शिक्षण-साहाय्य निधीची एक, वधूवर नोंदणीची एक, वसतिगृहाची एक. चारही वह्यांत प्रत्येक कुटुंबाचा पत्ता स्वतंत्र लिहिलेला. हे सांगता सांगता आम्ही थांबलो, कारण जी गोष्ट चार वर्षे कोणास सांगितली नव्हती ती आठवली.

शिक्षण-साहाय्य निधीची वही आमच्याकडे असे. चार वर्षांपूर्वी एका भगिनीच्या मुलाचे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षासाठी साहाय्य मंजूर झाले. दोन महिन्यांपूर्वीच तिचे यजमान वारले होते आणि ती मुलासह माहेरी राहावयास गेली होती. आमच्या वहीतील जुन्या पत्त्यावर पत्र गेले आणि पोस्टातून परत आले. तिचा मोबाइल क्रमांक यजमानांच्या नावचा, तो बंद. संमतीची मुदत टळली, रक्कम पुढील अर्जदारास गेली, आणि तो मुलगा एक वर्ष एका वर्कशॉपमध्ये मदतनीस म्हणून राबला. तिचा नवा पत्ता कुटुंबसूचीत त्याच महिन्यात दुरुस्त झालेला होता. ती वही आमच्या कपाटास लागून असलेल्या कपाटात होती. चूक आमची. कोणी विचारले नाही, म्हणून आम्हीही बोललो नाही.

विद्यार्थिनीने ऐकून घेतले. आमचे सांत्वन केले नाही, ह्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. ती एवढेच म्हणाली, “कॉम्प्युटर एवढ्यात घेऊ नका. पत्ता कोणत्या वहीचा ते आधी ठरवा.” मग तिने एका कागदावर चार चौकोन काढले आणि बाण ओढले. तो कागद आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवला. तीन बैठका झाल्या. ज्याची त्याची वही ज्याला त्याला प्यारी, त्यामुळे बोलणे बरेच झाले; त्यात सर्वांत अधिक आडमुठेपणा कोणी केला हे चिटणीस जाणतात, आणि आम्हीही जाणतो, कारण तो आम्हीच केला. अखेर ठरले ते असे. पत्ता व दूरध्वनी फक्त कुटुंबसूचीत राहील. प्रत्येक कुटुंबास एक क्रमांक मिळेल. बाकीच्या तीन वह्यांत पत्ता लिहावयाचा नाही, केवळ तो क्रमांक लिहावयाचा. कुटुंबसूची कोणी दुरुस्त करावयाची हे एकाच व्यक्तीकडे, आणि ती व्यक्ती आम्ही नाही.

ह्या कामासाठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालय उघडे राहील. ज्यांचे घर बदलले, लग्न होऊन नाव बदलले, अथवा घरातील कर्ता माणूस गेला असेल, त्यांनी स्वतः यावे किंवा निरोप धाडावा. बाहेरगावच्या मंडळींनी पत्र टाकले तरी चालेल.

त्या भगिनीच्या मुलाने पुढील वर्षी पुन्हा अर्ज केला होता. आजच्या गुणवंतांच्या यादीत सातवे नाव त्याचे आहे. डिप्लोमा पहिल्या वर्गात पुरा केला. समारंभाचे निमंत्रण ह्या वेळी नव्या पत्त्यावर गेले, आणि तो आईसह समोर दुसऱ्या रांगेत बसला आहे. अध्यक्षमहाराज, आता पारितोषिकांस आरंभ करण्याची आम्ही आपल्यास विनंती करतो.